‘इन्सुलिन सुटते’ म्हणणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांकडे व्हॉट्सॲपवरून एक संदेश पुन्हा पुन्हा येतो. शब्द बदलतात, पण आशय तोच असतो: इन्सुलिनची शरीराला सवय लागते; साखर वरखाली होते ती इन्सुलिनमुळेच; मूल जेवत नसेल त्या दिवशी इंजेक्शन देऊ नये; साखरेऐवजी गूळ-मध चालतो; आणि अमुक काढा घेतल्यावर एका मुलाचे इन्सुलिन तीन महिन्यांत सुटले. मी स्वतः बावीस वर्षे इन्सुलिन घेत आहे. या पाचांपैकी एक मुद्दा अर्धा खरा आहे आणि एक जीवघेणा आहे, म्हणून ते एकत्र उडवून लावण्यापेक्षा एकेक करून तपासलेले बरे.

‘सवय लागते’ हा समज बहुधा टाइप टू मधुमेहावरून आला असावा. त्या आजारात शरीर थोडेफार इन्सुलिन बनवत असते, त्यामुळे शेजारच्या काकांचे वजन उतरल्यावर त्यांचे इंजेक्शन खरोखरच बंद होऊ शकते. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते, आणि जे आत बनत नाही ते बाहेरून द्यावे लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसन या मधुमेही मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. स्वादुपिंडापासून काढलेला तो अर्क अशुद्ध असल्याने त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीपासून शुद्ध केलेला अर्क मिळाला तेव्हा साखर उतरली आणि तो पुढे तेरा वर्षे जगला. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून मृत्यू काही महिने लांबवणे, एवढाच उपचार होता. तेव्हा इन्सुलिन नव्हते, म्हणजे त्याची सवयही नव्हती, आणि तरीही मुले वाचत नव्हती.

अर्धा खरा मुद्दा साखर वरखाली होण्याचा. डोस जास्त झाला तर रक्तातील साखर ७०च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली जाते, हात थरथरतात, घाम सुटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील डीसीसीटी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले, तेव्हा साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला होता, पण साखर धोकादायकरीत्या कमी होण्याचे प्रसंग जवळपास तिप्पट झाले होते. इन्सुलिनची ही किंमत डॉक्टरांनी कधी लपवलेली नाही. मात्र संदेश यावरून जो निष्कर्ष काढतो तो चुकीचा आहे, कारण निरोगी बीटा पेशी क्षणोक्षणी करतात तो हिशेब आपण दिवसातून चार-पाच वेळा अंदाजाने करतो, आणि चढउतार त्या अंदाजातील फरकातून येतात. जलद इन्सुलिन साधारण पंधरा मिनिटांत काम सुरू करते, एक-दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि तीन ते पाच तासांत ते ओसरते. पोह्यांची साखर त्याच्या आधी चढते, तर तूप घालून खाल्लेल्या पुरणपोळीची बरीच नंतर. संध्याकाळी मैदानावर खेळलेल्या मुलाची साखर पहाटे तीनला उतरू शकते, आणि काहीही न खाता सकाळी साखर वाढलेली दिसते ती पहाटे स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे. पहिल्या डोसचा असर संपायच्या आत घाबरून दुसरा डोस देणे, रोज एकाच जागी टोचून तिथे गाठ होऊ देणे, ही कारणेही नेहमीची. आपल्याकडे आणखी एक भर पडते: दुकानात प्रति मिलिलिटर ४० युनिटची कुपीही मिळते आणि १०० युनिटचीही. १०० युनिटच्या कुपीतील इन्सुलिन लाल टोपीच्या, म्हणजे ४०च्या सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २५ युनिट जातात. अशा वेळी दोष इन्सुलिनचा म्हणायचा की सिरिंजचा?

‘जेवत नसेल तर इंजेक्शन नको’ हे वाक्य ऐकायला समंजस वाटते, आणि म्हणूनच ते सर्वांत घातक आहे. तापात शरीर ताणाची संप्रेरके सोडते, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते आणि अन्नाचा कण पोटात नसतानाही साखर चढते. इन्सुलिन नसल्यामुळे पेशींना ती वापरता येत नाही, शरीर चरबी जाळू लागते, त्यातून तयार होणारी कीटोन नावाची आम्ले साचतात आणि रक्त आम्लयुक्त होते. मग उलट्या, पोटदुखी, खोल आणि जलद श्वास. घरच्यांना वाटते पोट बिघडले आहे, म्हणून ते आणखी एक डोस चुकवतात. प्रत्यक्षात आजारपणात दीर्घकाळ काम करणारे बेसल इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नसते. जेवणाचा डोस डॉक्टरांना विचारून कमी-जास्त करायचा, दर दोन ते चार तासांनी साखर पाहायची, लघवीतील कीटोन पट्टीने तपासायचे, पाणी पाजत राहायचे. कीटोन दिसत असताना उलट्या थांबत नसतील तर वाट न पाहता रुग्णालय गाठायचे.

गुळाचे थोडक्यात. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच, आणि उपासाची साबुदाणा खिचडी जवळजवळ निव्वळ पिष्ट. दोन्ही मोजून, इन्सुलिनच्या हिशेबात धरून खायचे पदार्थ आहेत. साखर उतरली असेल तेव्हा मात्र साखरेलाच मान: मोठ्या मुलाला तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही घालू नये.

राहिला काढा. संदेशातील मुलाचा डोस खरोखरच कमी झाला असेल, हे मी मान्य करतो. निदानानंतर इन्सुलिन सुरू झाले की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो, त्या काही काळ बऱ्यापैकी काम करू लागतात आणि गरज दिवसाला अगदी थोड्या युनिटांवर येते. डॉक्टर याला हनिमून अवस्था म्हणतात. ती काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभराहूनही अधिक टिकते आणि मग संपते. नेमक्या याच काळात पालक काढा सुरू करतात आणि इन्सुलिनने कमावलेले श्रेय काढ्याच्या खात्यात जमा होते. अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषधसुद्धा लक्षणे दिसण्याआधीच्या टप्प्यावर दिले, तर आजार सरासरी दोनेक वर्षे पुढे ढकलते, बरा करत नाही. त्या मुलाचे निदान कोणत्या महिन्यात झाले आणि वर्षभरानंतर त्याची साखर किती होती, हे मी असा संदेश पाठवणाऱ्या एकाला विचारले होते. उत्तरादाखल काढ्याचा दर आला, तीन बाटल्यांवर एक मोफत.