आवाज बंद करून पाहिलेल्या दोन फाइट्स

गेल्या आठवड्यात फेसबुकने माझीच एक जुनी पोस्ट वर काढली. जुलै २०१७ ची. सुरुवातच "ब्रिस्बेनमध्ये दिवसाढवळ्या दरोडा!!!" अशी. फिलिपिन्सचा नावाजलेला बॉक्सर मॅनी पॅकियाओ ऑस्ट्रेलियाच्या जेफ हॉर्नकडून गुणांवर हरला होता, तिन्ही जजनी हॉर्नला दिलं होतं आणि मी इथे पुण्यात सोफ्यावर बसून त्या तिघांना आंधळे, विकलेले वगैरे ठरवून मोकळा झालो होतो. लाइक्सही बरेच पडले होते. पोस्ट डिलीट करत नाही, पण त्यातले काही शब्द मागे घेतोय. सगळे नाही.

ओळखीचे एक सर आहेत. पोरांना बॉक्सिंग शिकवतात, पूर्वी स्पर्धांना जज म्हणून बसलेत. तेव्हा त्यांना ती पोस्ट कौतुकाने दाखवली होती. ते म्हणाले, "आवाज बंद करून बघ. वही घे. राउंड संपला की गुण लिही आणि पान उलट, मागे बघायचं नाही. मग ये भांडायला." मी तेव्हा मनावर घेतलं नाही. आता पोस्ट डोळ्यांसमोर आली आणि लाज वाटली, म्हणून रविवारी शंभर पानी वही घेऊन बसलो. बायकोने दोनदा येऊन विचारलं, टीव्हीचा आवाज गेलाय का.

दोन फाइट्स लावल्या. पहिली ९ जून २०१२ ची, लास व्हेगासमधली, पॅकियाओ विरुद्ध टिमथी ब्रॅडली. डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेचं, वेल्टरवेट वजनगटाचं विजेतेपद पणाला. (गुणांचा हिशेब साधा: बारा राउंड, प्रत्येकात जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला बहुतेक वेळा नऊ.) जुन्या मंडळींना आठवत असेल. सी. जे. रॉस आणि ड्युएन फोर्ड या जजनी ११५-११३ ब्रॅडलीला दिले, जेरी रॉथ यांनी ११५-११३ पॅकियाओला, आणि पॅकियाओचा पट्टा गेला. एचबीओ वाहिनीवर जिम लॅम्पली समालोचन करत होता आणि हॅरल्ड लेडरमन नेहमीप्रमाणे आपले अनौपचारिक गुण सांगत होता. लेडरमन साधासुधा माणूस नव्हे, स्वतः कित्येक वर्षं जज होता. त्याचा हिशेब ११९-१०९, म्हणजे बारापैकी अकरा राउंड पॅकियाओचे!

आवाज चालू असताना माझाही हिशेब ११८-११० आला होता. आवाज बंद करून आला ११६-११२. फाइट तीच, डोळे तेच, आणि दोन राउंड ब्रॅडलीकडे सरकले.

हे दोन राउंड गेले कुठे? मी एक राउंड मुद्दाम दोनदा पाहिला, आधी मुका, मग आवाजासकट. पॅकियाओची एक पद्धत होती. दोन-सव्वादोन मिनिटं जपून खेळायचं आणि घंटा व्हायच्या आधी अर्धा मिनिट तुटून पडायचं. ती सरबत्ती सुरू झाली की लॅम्पलीचा आवाज चढतो, प्रेक्षक उठतात, आणि घरी बसलेल्याला वाटतं पाच ठोसे बसले. मुक्या चित्रात मी मोजले तर दोन बसले होते, तीन ब्रॅडलीच्या ग्लोव्हजवर आणि दंडावर. ग्लोव्हजवरचा ठोसाही टीव्हीवर फाडकन वाजतो. त्याच राउंडमध्ये आधीची दोन मिनिटं ब्रॅडली जॅब (पुढच्या हाताचे सरळ ठोसे) टाकत होता, पोटात मारत होता. त्याला आवाज नव्हता. समालोचक तेव्हा पॅकियाओ आज थंड का आहे यावर बोलत होते. म्हणजे ब्रॅडली जिंकत असलेला वेळही पॅकियाओच्याच नावावर!

आणि मग येतो रिप्ले. राउंड संपला की स्लो मोशनमध्ये काय दाखवतात? पॅकियाओचा डावा हात. जज बिचारा हे काहीच बघत नाही. त्याला पडदा नाही, रिप्ले नाही. तो रिंगच्या एका बाजूला स्टुलावर बसलेला असतो, अर्ध्या वेळा समोर एका बॉक्सरची पाठ किंवा रेफरीचा शर्ट. घंटा झाली की चिठ्ठीवर आकडा लिहून देऊन टाकायचा. संपलं. आम्ही मात्र रिप्ले बघून, लेडरमनचा आकडा स्क्रीनवर बघून, मागचे तीन राउंड आठवून ठरवतो. एकदा स्क्रीनवर पॅकियाओला एवढी आघाडी दिसली की पुढचा राउंड ब्रॅडलीला द्यायची हिंमतच होत नाही.

तर मग २०१२ चा निकाल बरोबर होता का? अजिबात नाही. ११६-११२ म्हणजेही पॅकियाओच स्पष्ट जिंकला. कॉम्प्युबॉक्सच्या मोजणीत त्याचे २५३ ठोसे बसले, ब्रॅडलीचे १५९. (कॉम्प्युबॉक्स म्हणजे कॉम्प्युटर नव्हे हं, दोन माणसं बटणं दाबत बसलेली असतात. तरी ९४ चा फरक बोटं घसरून पडत नाही.) डब्ल्यूबीओने नंतर पाच जजना व्हिडिओ दाखवला, पाचही जणांनी पॅकियाओला दिलं. निकाल अर्थात बदलला नाही. फोर्डसाहेब म्हणाले की हा काही 'अमेरिकन आयडॉल' नाही, लोकांच्या मर्जीने गुण द्यायचे तर मी जज कशाला होऊ. वाक्य मला पटतं, त्यांचं कार्ड पटत नाही. रॉसबाईंनी तर पुढच्याच वर्षी मेवेदर-कनेलो फाइटमध्ये, मेवेदरने सरळसरळ धडा शिकवला असताना, ११४-११४ लिहिलं आणि त्या गदारोळात बाजूला झाल्या. त्यांच्याबद्दलचं मत मी वही घेऊनही बदलू शकलो नाही.

शब्द मागे घेतोय ते दुसऱ्या फाइटबद्दल.

ब्रिस्बेन, २ जुलै २०१७. पन्नास हजारांवर प्रेक्षक, सगळे हॉर्नचे. हॉर्न पूर्वी शाळेत पीटी शिकवायचा. पॅकियाओचे १८२ ठोसे बसले, हॉर्नचे ९२. निकाल ११७-१११, ११५-११३, ११५-११३, सगळे हॉर्नला. ईएसपीएन वाहिनीवर समालोचनाला टेडी ॲटलस होता, त्याचा हिशेब पॅकियाओला. फाइट संपल्यावर रिंगमध्ये हॉर्नची मुलाखत घेताना त्याने तोंडावर सांगितलं की मला वाटतं तू हरलास. मी घरी टाळी वाजवली होती.

त्या फाइटचा नववा राउंड सगळ्यांना आठवतो. पॅकियाओने हॉर्नला असं झोडपलं की रेफरीने कोपऱ्यात जाऊन बजावलं, काहीतरी दाखव नाहीतर थांबवतो. पण या दहा गुणांच्या, म्हणजे टेन-पॉइंट पद्धतीत तो राउंड किती गुणांचा? पाडलं नाही तर १०-९. फार तर १०-८. आणि कसाबसा जिंकलेला चौथा किंवा सातवा राउंडही १०-९ च! आपल्या डोक्यात मात्र नववा राउंड बाकीचे अकरा खाऊन टाकतो. हॉर्न दांडगाईने अंगावर जात होता, ढकलत होता, डोकं घालत होता. दिसायला गबाळं, पण बरेच राउंड पॅकियाओ मागेच होता.

मुक्या टीव्हीवर माझ्या वहीत सहा-सहा राउंड आले. ११४-११४. नवव्याला १०-८ दिले तर पॅकियाओ एका गुणाने जिंकतो. मी बराच वेळ पेन हातात धरून बसलो आणि १०-९ च ठेवले. डब्ल्यूबीओने याही फाइटचं पाच जजकडून परीक्षण करवलं होतं, त्यात सात राउंड हॉर्नचे आणि पाच पॅकियाओचे निघाले. २०१७ मध्ये ही बातमी मी वाचली होती, आणि "हे पण मॅनेज" अशी कॉमेंट केली होती. तीही सापडली. एका जजने हॉर्नला दिलेले ११७-१११ मला आजही जास्तच वाटतात, पण अटीतटीच्या फाइटला दरोडा म्हणायचं तर सोल ऑलिंपिकच्या १९८८ मधल्या फायनलला काय म्हणायचं? अमेरिकेच्या रॉय जोन्सचे ८६ ठोसे, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनचे ३२, आणि सुवर्ण पार्कला. ती फाइट आवाज दहावर ठेवून बघा नाहीतर बंद करून, फरक पडत नाही.

आपल्याकडे कुस्तीत चितपट झाली की वाद मिटतो असं आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगायचो. २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत पाठ टेकली की नाही यावर जे झालं, त्यानंतर तेही बोलायची सोय राहिली नाही.

एक गंमत राहिलीच. २०१२ मध्ये जिंकून सगळ्या जगाच्या शिव्या खाल्लेला ब्रॅडली त्या रात्री पत्रकार परिषदेला व्हीलचेअरवर आला होता, पायाला दुखापत घेऊन. पुढे निवृत्त झाल्यावर तोच ईएसपीएनवर समालोचक झाला. तो बोलत असला की मी आवाज वाढवतो. सरांना अजून सांगितलेलं नाही.