सातवा महिना, पन्नास रुपये एक्स्ट्रा

काल सीताबर्डीवर एका फोटोवाल्यानं माझ्या बायकोला सातवा महिना लावून दिला. कॉम्प्युटरवर. आणि वर म्हणे, पन्नास रुपये एक्स्ट्रा.

झालं असं की लेक आमच्याकडे कशी आली याचं आम्ही स्क्रॅपबुक बनवतोय. बाजारात त्या गुलाबी कव्हरच्या बेबी बुक मिळतात, पण पहिल्याच पानावर सोनोग्राफी चिकटवायची चौकट, मग जन्मवेळ, मग 'नाक कोणावर गेलं', म्हणजे दत्तक घेणारा माणूस तिसऱ्या पानापर्यंतच नापास. म्हणून कोरी वही आणली, कार्डशीट आणल्या, आणि फोटो काढून आणायला भर उन्हात मला पाठवण्यात आलं.

फोटोवाल्यानं पेन ड्राइव्ह लावला. "कोणत्या क्लासचा प्रोजेक्ट आहे भाऊ?"

म्हटलं प्रोजेक्ट नाही, मुलगी दत्तक घेतली, त्याचं पुस्तक आहे.

"असं का. छान छान." आणि माउस थांबला. फोटो होता सिव्हिल लाइन्समधल्या कलेक्टर ऑफिससमोरचा. आधी दत्तकाचा आदेश कोर्टातून यायचा, 2022 पासून ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आलं, त्यामुळे आमच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा फोटो पार्किंगच्या बॅकग्राउंडवर आहे. त्यातही मे महिना, म्हणून बायकोनं नागपुरी पद्धतीनं पूर्ण तोंडाला स्कार्फ बांधलेला, वर गॉगल. ही कोण आहे हे माझ्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, आणि मीसुद्धा चपलेवरून ओळखतो.

"वहिनींचा चेहराच नाही दिसत नं," तो म्हणाला.

"हो, ऊन होतं."

"मग एक काम करू नं. याच फोटोत थोडं पोट देऊन देतो. डोहाळजेवणाचा होऊन जाईल. पोरीला मोठी झाल्यावर बरं वाटेल."

मी काही बोलायच्या आत त्यानं मेहनत सुरू केली होती. कुर्त्याला मधून धरून ओढलं, सावली दिली, मागच्या गाडीचं चाक वाकडं झालं ते सरळ केलं. इतकं मन लावून काम करणारा माणूस मी बर्डीवर दुसरा पाहिला नाही, हे मात्र कबूल. बाजूला एक काका पासपोर्ट फोटोसाठी कॉलर नीट करत बसले होते, ते उठून स्क्रीनपाशी आले.

"कितवा लावला?"

"सातवा."

"नववा वाटते," काका म्हणाले. "थोडं कमी कर बेटा."

त्यानं कमी केलं. दोघांनी मान तिरकी करून पाहिलं. मला कोणी विचारलं नाही.

मग काका माझ्याकडे वळले. सोनोग्राफी नेटवरून काढून लावा म्हणाले, सगळ्या सारख्याच दिसतात, पोट्टी काय डॉक्टर आहे का. मी म्हटलं काका, आम्ही तिला खरं तेच सांगतो, रोज सांगतो, तिला माहीत आहे. तर त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी पोरीला घराबाहेर काढलं. "काहून सांगता पण? आणि जन्मवेळ नाही तर पत्रिका कशी करणार? लग्नाच्या वेळी काय कराल?" पोरगी अजून डायपरमधून नीट बाहेर आली नाही आणि यांचा मंगळ अडलाय.

शेवटी काकांनी माझा खांदा दाबला. "पण लय पुण्याचं काम केलं तुम्ही."

हे वाक्य आलं की माझं डोकं फिरतं. अहो कसलं पुण्य? आम्हाला मूल हवं होतं, सरळ स्वार्थ आहे. पुण्यवान माणूस दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर रात्री-बेरात्री रेल्वेच्या वेटिंगसारखा आपला नंबर कितीनं सरकला ते पाहत बसत नाही. कधीतरी अचानक रेफरल येतो, म्हणजे हे मूल तुमचं होऊ शकतं असा निरोप, सोबत एक फोटो, एक चाइल्ड स्टडी रिपोर्ट, एक मेडिकल रिपोर्ट, आणि हो म्हणायला 48 तास. फ्रिज घ्यायला आम्ही याहून जास्त वेळ लावला होता. आणि 'नशीबवान आहे पोरगी' म्हणणाऱ्यांनी तिला आंघोळीला न्यायच्या वेळी एकदा घरी यावं, तिचं स्वतःच्या नशिबाबद्दलचं मत खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं.

आणि राग खरा कशाचा आहे सांगू? खोटं पान लावायची गरजच काय, आमच्याकडे कागद कमी आहेत का? लग्नाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आम्हाला कुठला गंभीर आजार नाही याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, घरी येऊन समाजसेविकेनं केलेला होम स्टडी रिपोर्ट. तुमच्या वेळी कोणी घरी येऊन विचारलं होतं का की नवरा-बायको भांडता किती आणि मूल कशाला पाहिजे? विचारलं असतं तर अर्ध्या कॉलनीला पोरं झाली नसती. आमचं तर मूल आल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी फॉलोअप असतो. एवढं तपासून-सवरून झालेला बाप आहे मी, आणि मला कोणीतरी उसनं पोट चिकटवून पास करणार.

पैसे दिले, पोटाचे सोडून. तो थोडा नाराज झाला.

आता चौथ्या पानाचा प्रॉब्लेम आहे. तिथं दोन ओळखीच्यांची शिफारसपत्रं लावायचीत, फाइलला द्यावी लागतात ती. त्यातलं एक आमच्या शेजाऱ्यांचं, 'हे जोडपे अत्यंत सुसंस्कृत व प्रेमळ आहे' वगैरे, टाइप करून आम्हीच दिलं होतं, त्यांनी फक्त सही केली. हेच गृहस्थ परवा लिफ्टमध्ये लेकीसमोर मला हळूच विचारतात, "हिला कळू तर नाही देणार नं?" लेकीनंच सांगितलं, "मी गाडीतून आली होती, आईच्या मांडीवर, आणि बाबा रडत होते." मी रडत नव्हतो, एसी डोळ्यावर येत होता, पण ते जाऊ द्या.

त्यांचं पत्र लावायचं पक्कं आहे. लेकीला फक्त सांगितलंय की सहीवर डायनासोरचं स्टिकर लाव, मोठावाला.