त्या दोघांच्या खोलीत तुमचं काय काम?

आज दुपारी मैत्रिणींच्या ग्रुपवर एका मासिकाचं पान आलं. एक प्रसिद्ध जोडपं म्हणे घरी कॉम्प्युटरवर 'मोठ्यांचा' बोर्ड गेम खेळतं, आणि त्यावरून त्यांचा संसार शेवटच्या घटका मोजतोय. (नावं मी लिहिणार नाही. ती अफवा पुढे ढकलायला माझा हात नको.) ही माहिती दिली कुणी? 'निकटवर्तीयांनी.' झालं! खाली लगेच सुरू: "बाई गं, एवढी वेळ आली?" "मला तर आधीच वाटलं होतं." या सगळ्या माझ्या जवळच्या बायका आहेत, शहाण्या आहेत, म्हणूनच डोकं जास्त फिरलं. ग्रुपवर मी एक शब्द बोलले नाही. इथे बोलते.

आमच्या लॅपटॉपवर असा गेम आहे. हो, आमच्या. लग्नाला बरीच वर्षं झालेल्या, रात्री दोन टोकांना दोन फोन घेऊन झोपणाऱ्या आमच्यासारख्या जोडप्याच्या.

ज्यांनी तो कधी पाहिलाच नाही, त्यांनी आधी मनातलं चित्र पुसा. स्क्रीनवर पट असतो, दोन सोंगट्या असतात, फासा कॉम्प्युटर टाकतो. ज्या घरात सोंगटी पडेल तिथलं कार्ड उघडतं. कधी प्रश्न, कधी पाठ चोळून द्यायची, कधी चुंबन, आणि पुढच्या पातळ्यांवर आणखी काही, जे इथे लिहायची गरज नाही. पण खेळ सुरू व्हायच्या आधी काय होतं ते ऐका. आमच्या गेममध्ये दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता यादीवर खुणा करायच्या: हे चालेल, हे नको, याचा विचार करू. दोघांनीही 'चालेल' म्हटलं तेवढंच पटावर येतं. ज्याला एकानेही नको म्हटलंय, ते दुसऱ्याला कळतसुद्धा नाही. आणि तरीही ऐन वेळी एखादं कार्ड नकोसं वाटलं तर 'पुढे' दाबायचं. कारण विचारत नाहीत. दंड नाही.

इतक्या अदबीने आपल्याला आपल्याच खोलीत आजवर कुणी विचारलं होतं का? मला तरी नाही.

एका रात्री नवऱ्याची सोंगटी एका अगदी साध्या घरात पडली. 'जोडीदाराचा हात दोन मिनिटं हातात धरा. बोलायचं नाही.' स्क्रीनवर वाळूचं घड्याळ सुरू झालं. लॅपटॉपच्या पंख्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. पहिल्यांदा आम्ही दोघंही उगाच हसलो. मग त्याचा अंगठा माझ्या मनगटावर थांबला, आणि वाळू संपली तरी त्याने हात सोडला नाही. म्हणाला, "बाबा गेल्यापासून मला असं कुणी धरलंच नव्हतं. सगळे कागदपत्रांचंच विचारत होते." त्या रात्री आम्ही पुढे खेळलो नाही. उशिरापर्यंत बोलत बसलो.

आता याच गेमचं बाहेर काय झालं ते सांगते. एका नातेवाइकाने कसलासा अर्ज भरायला आमचा लॅपटॉप घेतला. त्याला गेमचं चिन्ह दिसलं. बस्स, चिन्ह. संध्याकाळी आत्याचा फोन: "सगळं ठीक आहे ना गं तुमचं? नाही, कानावर आलं म्हणून विचारलं." दोन दिवसांनी दुसऱ्या एकीला मी माहेरी निघून गेल्याचंही कळलं होतं!

मासिकवाले हेच करतात, फक्त लाखो प्रती छापून. कणभर खरं घ्यायचं आणि त्यावर मणभर रचायचं. 1976 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल एन्क्वायरर या गॉसिप साप्ताहिकाने अभिनेत्री कॅरोल बर्नेटबद्दल छापलं की वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये तिने तेव्हाचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्याशी मोठमोठ्याने वाद घातला आणि गोंधळ घातला. वाचणाऱ्याला वाटावं की बाई झिंगलेली होती. खरं काय होतं? तिने शेजारच्या टेबलावरच्यांना आपल्यातला गोड पदार्थ चाखायला दिला होता आणि किसिंजरशी चार शब्द बोलली होती. तिचे आईवडील दोघंही दारूच्या व्यसनात गेलेले. त्या मुलीवर हे छापायचं! ती कोर्टात गेली. 1981 मध्ये ज्यूरीने तिला 16 लाख डॉलर द्यायला सांगितले. पुढे रक्कम बरीच कमी झाली, पण खोटं ते खोटंच ठरलं.

हॉलिवूडच्या टॉम क्रूझ आणि निकोल किडमनचं तर थेट आजच्या विषयातलं. त्यांनी जोडीने केलेल्या सिनेमातल्या प्रणयदृश्यांसाठी त्यांना म्हणे तज्ज्ञांकडून शिकवणी घ्यावी लागली, असं स्टार या गॉसिप साप्ताहिकाने छापलं. नवरा-बायको होते ते! 1999 मध्ये दोघांनी दावा ठोकला. आणि आता कुणी कमेंटमध्ये लिहिणार की 2001 मध्ये ते वेगळे झालेच की. झाले. म्हणून ती बातमी खरी ठरते का? मग माझ्या आत्यालाही उद्या कधी आमचं भांडण झालं की "बघ, मी म्हटलं नव्हतं?" म्हणायची मुभा आहे.

मला राग याचाच येतो. जोडपं काही करत नसेल तर 'प्रेम आटलं'. काही करत असेल तर 'वेळ आली'. पोट जरा सुटलेलं दिसलं की 'गोड बातमी'. 2016 मध्ये अभिनेत्री जेनिफर अ‍ॅनिस्टनला स्वतः लेख लिहून जाहीर करावं लागलं की मी गरोदर नाही, मला आता या सगळ्याचा वीट आलाय. एका बाईला जगापुढे आपल्या पोटाचा खुलासा करावा लागतो! आणि आपण ते पान चहाबरोबर चाळतो.

कधीकधी हे लोक खरंही छापतात, मान्य. अमेरिकी राजकारणी जॉन एडवर्ड्सचं विवाहबाह्य प्रकरण याच एन्क्वायररने बाहेर काढलं आणि 2008 मध्ये त्याला ते कबूल करावं लागलं. तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा होता, लोकांकडे मतं मागत होता. खेळणाऱ्या जोडप्याने तुमच्याकडे काय मागितलंय?

आणि हो, सगळे गेम चांगले नसतात. काही इतके पुरुषांच्या नजरेतून लिहिलेले असतात की बाई म्हणजे पटावरचं बक्षीस. तसला एक आम्ही काढून टाकला. तेवढ्यावर सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ग्रुपवरच्या तुम्ही हे वाचणार, मला माहीत आहे. तुमच्यावर माझा जीव आहे. तुमच्यापैकी किती जणी गेल्या वर्षी माझ्याजवळ बसून म्हणाल्या होत्या, "आमच्यात आता बोलणंच उरलं नाही गं." मी कुणाला सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही. तुमचं जे माझ्यापाशी सुरक्षित आहे, ते त्या अनोळखी जोडप्याचं तुमच्यापाशी का असू नये? ती बाईसुद्धा कदाचित अशीच एका रात्री नवऱ्याचा हात धरून बसली असेल. त्यालाही कदाचित तेव्हाच मोकळं होता आलं असेल. आणि त्याचं तुम्ही काय केलंत? तीन हसणाऱ्या इमोजी.

ते पान ग्रुपवरून काढून टाका. ज्यांनी पुढे पाठवलं असेल त्यांनी तिथूनही काढा.

इनबॉक्समध्ये गेमचं नाव विचारायला येणाऱ्यांसाठी: नाव देणार नाही, प्रत्येकाची आवड वेगळी. पण दोघांना वेगवेगळ्या खुणा करता येतात का ते आधी बघा. खरं नाव, फोटो मागणारा गेम घेऊ नका. इंटरनेट बंद करूनही चालला तर उत्तम. आणि लॅपटॉप कुणाला द्यायचा असेल तर पाहुण्यांसाठी वेगळं खातं उघडून ठेवा. आम्ही आता ठेवलंय.