एकवीस हजारांच्या आत

नमस्कार.

विधवा, अनाथ, दिव्यांग अशांना राज्य सरकार दरमहा देतं त्या निराधार अनुदानावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, म्हणून दोन दिवस गप्प बसलो. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, यातलं निम्मं तरी खरं आहे. उत्तर लांबलं, तेव्हा स्वतंत्रच टाकतोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं, मी लोकांना फुकटचे पैसे कसे उचलायचे ते शिकवतोय. तुमच्या गावात एक बाई आहे, स्लॅबचं घर, दारात मोटारसायकल, मुलगा चाकणला कंपनीत, आणि तरी दरमहा निराधारचे दीड हजार घेते. पैसा तुमच्या पगारातून कापलेल्या कराचा. लाडकी बहीण आल्यावर या जुन्या योजनांची गरजच काय? शिवाय श्रावणबाळबद्दल मी चुकीचं लिहिलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुमच्या चुलतीबद्दल तीन-चार ओळी. त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी चूक. ती माझीच. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना फक्त दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणाऱ्यांनाच मिळते असं मी लिहून गेलो. तसं नाही. त्यात दोन गट आहेत. ‘अ’ गटात यादीत नाव असलेले. त्यांना केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेचे २०० आणि वर राज्याचे १३००. ‘ब’ गटात यादीत नसलेले, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असलेले. त्यांचे सगळे १५०० राज्याचेच. वय दोन्हीकडे ६५ पूर्ण. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. (केंद्राचे ते २०० रुपये २००६ पासून २००च आहेत. ऐंशी वर्षं पूर्ण केली की ५०० होतात. तोवर जगायचं.)

आता तुमच्या गावची बाई. मी तिला ओळखत नाही, त्यामुळे ती खरी गरजू की नाही हे इथे बसून सांगणार नाही. पण स्लॅबवरून माप काढू नका एवढं म्हणेन. घरकुलाचं अनुदान १ लाख २० हजार मिळायचं, त्यात थोडी उसनवारी करून गावोगाव स्लॅब पडलेत. आत गेलं तर फरशी नाही, गिलावा नाही, चूल अजून अंगणात. राहिला मुलगा. चाकणचा मुलगा आईला पैसे पाठवतो का, हे मोटारसायकलवरून कळत नाही. पाठवत नसेल तर २००७ चा कायदा आहे, आई प्रांतांकडे अर्ज करून पोटगी मागू शकते. तीस वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर काढली, पोराविरुद्ध प्रांताकडे गेलेली एकही आई माझ्यासमोर आली नाही. ‘त्याचंच त्याला पुरत नाही हो,’ हे मात्र शेकडो वेळा ऐकलं.

बोगस लाभार्थी आहेत, हे मान्य. काउंटरच्या आतून ते जास्तच दिसतात. ज्याचा ऊस कारखान्याला जातो आणि ज्याचं निराधारही येतं, अशा माणसांची पासबुकं मी छापून दिलीत. माझं भांडण पुढच्या वाक्याशी आहे. ‘लोकच लबाड’ असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो, नियम असा केलाय की लबाडी केल्याशिवाय खऱ्या निराधारालाही आत शिरता येत नाही. आणि खऱ्या-खोट्या सगळ्यांनाच सारखं खोटं बोलावं लागलं की चाळणी कसली उरते?

उदाहरण देतो. आमच्या गल्लीतली एक बाई, नवरा गेला, पदरात दोन मुली. मी तिच्याबरोबर तलाठी कार्यालयात गेलो. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. गाव अजून तलाठीच म्हणतं.) उत्पन्नाचा अहवाल हवा होता. टेबलावरच्या मदतनिसानं मान वर न करता विचारलं, “कशासाठी पाहिजे?” “निराधारला.” त्यानं वीस हजार लिहिले. संपलं. ती काय काम करते, किती दिवस करते, शेळ्या किती, काहीही विचारलं नाही. बाई बिचारी सांगायला लागली, “सोयाबीन काढायला जाते, नंतर तूर…” तसा तो घाईनं म्हणाला, “मावशी, ते सांगू नका.”

मला त्या माणसाचा राग आला नाही. तो तिला वाचवत होता.

कारण निराधारलाही उत्पन्नाची मर्यादा २१ हजारच, आणि २१ हजार म्हणजे किती ते बघा. महिन्याला साडेसतराशे, तेही अख्ख्या कुटुंबाचं. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. एखादी विधवा ६७ दिवस कामावर गेली तर २०,९०४ रुपये होतात, म्हणजे ती निराधार. अडुसष्टाव्या दिवशी खोरं उचललं की २१,२१६, आणि ती अपात्र. आणि केंद्राचा कायदा हमी शंभर दिवसांची देत होता! एका खात्यानं दिलेली हमी दुसऱ्या खात्याच्या दाखल्यावर गुन्ह्यासारखी लपवायची, असा हा मामला. संजय गांधी निराधार योजना १९८० ची, अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाची. रक्कम वाढत गेली, ६०० झाले, १००० झाले, जुलै २०२३ पासून १५००. त्या वेळीही उत्पन्नाची मर्यादा होती तिथंच राहिली.

तुम्ही गरीब कोण हे विचारता, तर सरकारलाच विचारून बघा. रेशनच्या धान्यासाठी गावातलं ४४ हजारांच्या आतलं कुटुंब गरीब, शहरातलं ५९ हजारांच्या आतलं. लाडक्या बहिणीसाठी अडीच लाखांच्या आतलं. दहा टक्के आरक्षणासाठी आठ लाखांच्या आतलं घर आर्थिकदृष्ट्या दुर्बल. आणि निराधारसाठी एकवीस हजार. एकच बाई एकाच दिवशी चार खिडक्यांवर उभी राहिली तर तीन ठिकाणी ती गरीब आणि चौथ्या ठिकाणी सधन. ती चौथी खिडकी कुणाची? विधवांची, अनाथांची, कॅन्सर-क्षयाच्या रुग्णांची, टाकलेल्या बायकांची, तृतीयपंथीयांची, शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांची. सगळ्यात अरुंद दार सगळ्यात वाकलेल्या माणसाला.

दिव्यांगांना जरा सूट आहे. अपंगत्व ४० टक्के पुरतं आणि उत्पन्नाची मर्यादा ५० हजार. (केंद्राच्या योजनेत मात्र ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषा दोन्ही लागतं.) ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची रक्कम २५०० झाली आहे.

यावरून आमचा शिंपी आठवला. एक पाय पोलिओनं गेलेला, दाखल्यावर ५५ टक्के. दुसऱ्या पायानं मशीन चालवतो. जून-जुलैत शाळेच्या गणवेशांचा हंगाम, तेव्हा रात्री बारापर्यंत दिवा जळतो. दिवाळीला थोडं काम. बाकी वर्षभर चेन बदलणं आणि फॉल-पिको. त्याचं उत्पन्न त्यानं स्वतः वहीत मांडून काढलं. चोपन्न हजार. मी म्हणालो, अठ्ठेचाळीस लिही. होय, मीच म्हणालो. आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळून बघणारा माणूस मी, त्याला सरळ खोटं लिही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, “चार हजारांनी काय होतंय साहेब, कळतं त्यांना.” त्यांना कळलं नाही. अर्ज नामंजूर. अर्ज ठरवणाऱ्या समितीच्या त्याच बैठकीत मंजूर झालेल्या यादीत एक नाव होतं, ज्याचं स्टेशनरीचं दुकान त्याच्या मशीनपासून तीन गाळे सोडून आहे. दुकानदाराचं उत्पन्न अठ्ठेचाळीस हजार लिहिलं होतं.

तुमच्या हिशेबानं यातला लबाड एकच. माझ्या हिशेबानं दोन, दुकानदार आणि मी. आणि आम्हा दोघांना ती जागा करून देणारा नियम.

पडताळणी कडक करा, असं तुम्ही सुचवलंय. करा की. दरवर्षी हयातीचा दाखला आहेच, आधार जोडलंय, आता पैसे थेट खात्यात येतात. त्याचा फटका कुणाला बसतो ते मात्र मी रोज बघत होतो. राखेनं भांडी घासून, खुरपणी करून ज्यांच्या बोटांवरच्या रेषा गेल्या, त्यांचा अंगठा मशीनवर लागत नाही. एका आजींना मी पाच वेळा बोट पुसून लावायला सांगितलं, मग दुसरं बोट, मग तिसरं. शेवटी त्या म्हणाल्या, “माझंच बोट हाय रं.” दुकानदाराचा अंगठा पहिल्या फटक्यात लागतो.

मग उलटं का करत नाही? पीएम किसानकडे बघा. तिथे कुणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. जमीन नावावर असली की पात्र, आणि मग कोण नको त्याची यादी: आयकर भरणारे, महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे, डॉक्टर, वकील, आजी-माजी आमदार-खासदार वगैरे. तिथेही घुसखोर झालेच, आयकर भरणाऱ्यांकडून वसुलीच्या नोटिसा निघाल्या. पण निदान तिथे आधी गरिबी सिद्ध करत फिरावं लागत नाही. नको असलेल्याला शोधण्याचं काम सरकारचं. ज्याच्याकडे सातबारा आहे त्याच्यावर विश्वास, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडे दाखला मागायचा, हे मला पटत नाही.

कराबद्दल फार बोलत नाही. तुम्ही पगारावर भरता, मी पेन्शनवर. ती बाई मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के भरते. आणि म्हातारपण, आजार, अपंगत्व यांत सरकारनं मदत करावी हे घटनेच्या कलम ४१ मध्ये आहे. ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ असंही तिथेच लिहिलंय, ते मी लपवत नाही. त्या मर्यादेवर वाद घालू, जरूर.

लाडकी बहीण असताना हे कशाला, याचं उत्तर मात्र तुमच्या चुलतीच्या घरातच आहे. ती योजना २१ ते ६५ वयाच्या बायकांची. पुरुष त्यात नाही, अनाथ पोर नाही, माझा शिंपी नाही. आणि पासष्ट उलटलेली बाई नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनंच पाच लाख महिला अपात्र ठरवल्याचं जाहीर केलं. त्यात आधीच संजय गांधीचं अनुदान घेणाऱ्या २ लाख ३० हजार होत्या, आणि पासष्टच्या वरच्या १ लाख १० हजार. तुम्ही लिहिलंय: ‘माझ्या विधवा चुलतीचे लाडकी बहीणचे पैसे पासष्ट झाल्यावर बंद झाले. ती कुणापुढे हात पसरत नाही. या वयातही कुरडया-पापड करून वर्षाला तीस हजार स्वाभिमानाने मिळवते. तिला कोणती योजना आहे ते सांगा.’

सांगतो. श्रावणबाळ. मूलबाळ नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे घरात ती एकटी. तहसील कार्यालयात संजय गांधी योजनेची शाखा असते, अर्ज तिथे किंवा सेतू केंद्रात. वयाचा पुरावा, आधार, शिधापत्रिका, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक. महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा रहिवासी दाखला लागतो, तिला त्याची अडचण येणार नाही. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढा आणि पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मग चौकशी, मग समितीची बैठक. बैठक कधी लागते यावर बरंच अवलंबून असतं; दर पंधरा दिवसांनी फोन करा, कंटाळू नका. मंजूर झालं की दरवर्षी हयातीचा दाखला विसरू नका, नाहीतर जिवंत माणसाचे पैसे थांबतात.

राहिला उत्पन्नाचा दाखला. लाडकी बहीण घेताना हिच्या घराला अडीच लाखांची मर्यादा होती, तेव्हा तीस हजार सांगायला काहीच अडचण नव्हती. घर तेच, चूल तीच, कुरडयांचं भांडंही तेच. आता २१ हजार. तलाठी कार्यालयात तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जा. टेबलावरचा माणूस मान वर न करता विचारेल, “कशासाठी पाहिजे?” चुलती कुरडयांचं सांगायला लागेल. त्या वेळी तुम्ही तिला बोलू दिलंत की थांबवलंत, तेवढं मला इथेच खाली लिहून कळवा.