हाइनरिश हारर : हिटलरचा हेर की पळालेला कैदी?

ऑस्ट्रियन गिर्यारोहक आणि ‘सेव्हन इयर्स इन तिबेट’चा लेखक हाइनरिश हारर याच्याविषयी समाजमाध्यमांवर एक मजकूर वारंवार फिरतो. हिटलरने त्याला एसएसच्या (नाझी पक्षाच्या निमलष्करी दलाच्या) मोहिमेतून हेर म्हणून ल्हासाला धाडले आणि तेथे तो दलाई लामांचा गुरू झाला, असे त्यात सांगितलेले असते. त्यातील एकच धागा खरा आहे. बाकीचा मजकूर तारखांपुढे टिकत नाही.

एसएसची म्हणून ओळखली जाणारी तिबेट मोहीम 1938-39 ची. तिचा प्रमुख प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट शेफर होता, तिला एसएसचा प्रमुख हिमलर याचा आश्रय होता आणि तिच्या पाच जर्मन सदस्यांत हारर नव्हता. हारर 1939 मध्ये पेटर आउफश्नायटरच्या नेतृत्वाखालील चौघांच्या तुकडीतून हिमालयातील नंगा पर्बत शिखराची दियामिर बाजू पाहण्यासाठी आला होता. परतीच्या जहाजाची वाट पाहत असताना महायुद्ध पेटले आणि कराची परिसरात इंग्रजांनी या चौघा गिर्यारोहकांना ताब्यात घेतले. त्यानंतर त्याला आधी अहमदनगरच्या, मग देवळालीच्या आणि पुढे डेहराडूनच्या छावणीत ठेवण्यात आले. (आपल्याकडे या पुस्तकाची चर्चा होते तेव्हा नगर-देवळालीचा उल्लेख सहसा गळतो.) पळून जाण्याचे आधीचे प्रयत्न फसल्यावर 29 एप्रिल 1944 रोजी सातजण वेषांतर करून निसटले. त्यांपैकी दोघे ब्रह्मदेशातील जपानी फौजांकडे गेले, तर हारर तिबेटकडे वळला. तिबेटी अधिकारी परकीयांना पुढे जाऊ देत नव्हते, त्यामुळे आउफश्नायटरसह तो चांगथांगच्या ओसाड पठारावरून चालत 15 जानेवारी 1946 रोजी ल्हासाला पोहोचला. त्या वेळी हिटलरला मरून आठ महिने उलटले होते. ज्याला धाडले असे म्हणायचे, त्याची साडेचार वर्षे तारेच्या कुंपणाआड गेली होती आणि तो मुक्कामी पोहोचला तेव्हा ज्याच्यासाठी हेरगिरी करायची ते राज्यच उरले नव्हते.

खरा धागा नाझी सदस्यत्वाचा आहे आणि हाररच्या चाहत्यांनी तो झटकून टाकू नये. 1938 च्या जुलैत आल्प्समधील आयगर शिखराची उत्तर भिंत प्रथमच सर करणाऱ्या चौघांत तो होता आणि हिटलरने त्यांचा सत्कार केला. मात्र एसएसमध्ये तो त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, म्हणजे या विक्रमाआधीच दाखल झाला होता आणि पाठोपाठ नाझी पक्षाचाही सदस्य झाला होता. विवाहाच्या परवानगीसाठी एसएसकडे दिलेल्या कागदांत त्याने 1933 पासून, म्हणजे पक्षावर ऑस्ट्रियात बंदी असताना, आपण एसएमध्ये (नाझी पक्षाच्या दुसऱ्या निमलष्करी दलात) असल्याचे लिहिले होते. ती आपली बढाई होती, असे तो नंतर म्हणाला. माझ्या मते त्याच्यावरचा गंभीर आक्षेप हेरगिरीचा नसून मौनाचा आहे, कारण 1952 च्या पुस्तकात त्याने यातले काहीच सांगितले नाही आणि 1997 मध्ये पत्रकार गेराल्ड लेनरने कागदपत्रे उजेडात आणल्यावरच त्याला बोलावे लागले.

गुरुपदाचा दावा थोडक्यात निकालात निघतो. दलाई लामांचे धर्मशिक्षण लिंग रिनपोचे आणि त्रिजांग रिनपोचे यांच्याकडे होते. हाररने दलाई लामांसाठी चित्रपटगृह उभारले आणि त्यांना इंग्रजी व भूगोल शिकवला. ही शिकवणीही फार काळ चालली नाही, कारण ऑक्टोबर 1950 मध्ये चिनी सैन्य पूर्व तिबेटात घुसले आणि त्यानंतर लवकरच हाररने ल्हासा सोडले.