साहेब विश्रांती घेत आहेत

नाताळच्या दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला नवऱ्याबरोबर इंदूरच्या सराफ्यात जाणाऱ्या बाईच्या अपेक्षा फार नसतात. एक प्लेट तळलेला गराडू आणि अर्धा तास नवरा. मला गराडू गार मिळाला, नवरा मिळालाच नाही, आणि दोघांच्या मधोमध आमच्या चर्चच्या मंडळीचे खजिनदार काका मिळाले. अजून डोकं ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून लिहून टाकते.

मी पाळकबाई. म्हणजे पाळकाची, पास्टरची बायको. पगार नाही, सुट्टी नाही, पण मी चहा कसा करते यावर अख्ख्या मंडळीचं मत आहे. माहेर नगर, आताचं अहिल्यानगर. अहिल्याबाईसुद्धा नगर जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्या होळकरांच्या घरात आल्या, मी पाळकाच्या. पुढे कारभार हाती आल्यावर त्यांनी राजधानी इंदुरात न ठेवता नर्मदाकाठी महेश्वरला नेली. इतिहासकार त्याची काय कारणं द्यायची ती देवोत. मला विचाराल तर इंदुरात त्यांच्याकडे माणसं न सांगता येत असणार.

इथली ख्रिस्ती वस्ती तशी जुनी. रेसिडेन्सी भागातलं पांढरं चर्च 1858चं. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये आले, दहा वर्षांत त्यांनी ख्रिश्चन कॉलेज काढलं. शाळा झाल्या, दवाखाने झाले. पाळकाच्या दारावरची बेल जेवणाच्या वेळी वाजवू नये, एवढा एक धडा मात्र बहुधा कुठल्याच शाळेत नव्हता. सोमवार हा पाळकाचा सुट्टीचा दिवस, असं कागदावर आहे. आमच्या मंडळीत आजारी पडायचा, भांडायचा आणि जाग्यावरून हलता येत नाही म्हणून पाळकाला बोलावून घ्यायचा वारही सोमवारच आहे.

डिसेंबरात तर सोमवारही उरत नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार, संडेस्कूलचं नाटक, महिला मंडळाचा कार्यक्रम, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे घरोघरी जाऊन प्रभुभोजनाचा भाकर-द्राक्षारसाचा विधी, आणि रात्रीची कॅरल. कॅरलच्या प्रत्येक घरी चहा, केक आणि गुलाबजाम. ह्यांना शुगर आहे हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून लोक केक आग्रहाने देतात आणि चहा बिनसाखरेचा देतात. रात्री एकला हे घरी येतात तेव्हा मी करंज्या तळत असते. "झोपली नाहीस?" असं विचारतात. ह्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला इतक्या नाताळांत सुचलेलं नाही.

तर झालं असं. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, आपण क्षणभर शांतपणे प्रार्थना करू. डोळे मिटले. क्षण लांबला. पुढच्या बाकावरच्या मावशी गहिवरल्या, दोघातिघांनी रुमाल काढले, इतकी खोल शांतता चर्चमध्ये कधी अनुभवली नव्हती म्हणे. मी तिसऱ्या बाकावर होते. मला तो श्वास ओळखीचा वाटला. थोड्या वेळाने माईकलाही ओळखीचा वाटला असावा, कारण त्याने तो चर्चभर ऐकवला.

त्याच रात्री पाळकसाहेबांच्या विश्रांतीवर विचार करायला कमिटी बसली. आमच्या घरी. रात्री साडेअकरापर्यंत. चहा दोनदा. ज्याच्या झोपेवर चर्चा चालली होती तो माणूस अध्यक्ष म्हणून समोर बसून जांभया गिळत होता. शेवटी ठरलं, की 26 तारखेची संध्याकाळ साहेबांनी मोकळी ठेवावी आणि कुठे तरी बाहेर जावं. कुणी तरी "सपत्नीक" असं सुचवलं, पण तेवढ्यात जनरेटरच्या भाड्याचा विषय निघाला.

आणि साहेबांना कुणी त्रास देऊ नये म्हणून खजिनदार काकांनी सोबत जावं, असंही ठरलं. हे मला 26 तारखेला संध्याकाळी, साडी नेसून झाल्यावर कळलं.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले. माणूस सचोटीचा. दानपेटीतली फाटकी नोटसुद्धा हिशेबात वेगळी लिहितात. दारात रिक्षा थांबवून उभे होते, बगलेत निळं प्लॅस्टिकचं स्टूल.

"काका, हे कशाला?"

"साहेबांना उभं राहायला लागू नये. सराफ्यात बसायला कुठे असतं, बाई?"

रिक्षात मी कडेला बसले. हे चढणार, तोच काका मधे शिरले. "साहेबांना कडेची हवा लागू दे. थकलेत." राजवाड्यापर्यंत मी काकांच्या कोपराला टेकून गेले. नवऱ्याशी बोलायचं तर काकांच्या छातीवरून वाकावं लागत होतं. मी एकदा वाकून म्हटलं, "आठवतं, लग्नानंतर पहिल्यांदा आलो होतो तेव्हा...?" काका म्हणाले, "बाई, जुनं काही काढू नका, साहेबांना ताण येतो."

ज्यांनी सराफा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवसा सोन्याचांदीची बाजारपेठ. रात्री दुकानं मिटली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याची दुकानं लागतात, आणि साऱ्या इंदूरला एकदम भूक लागते. मुंगीला वाट नाही. थंडीत तिथला राजा गराडू. कंद सोलायचा, तुकडे तळायचे, वरून लिंबू आणि जीरावन मसाला. तो गरम खायचा असतो, नाही तर खाऊच नये.

त्या गर्दीच्या ऐन मधोमध काकांनी स्टूल मांडलं. ह्यांना बसवलं. मंडळीच्या प्रत्येक वस्तूवर ती कुणी दिली ते रंगवलेलं असतं, तसं ह्या स्टुलावरही समोरच्या बाजूला ठळक पांढऱ्या अक्षरांत "की स्मृति में" असं होतं. वरचं नाव झिजून गेलेलं. म्हणजे खाली "की स्मृति में" आणि वर माझा नवरा, जिवंत, हातात रिकामी प्लेट. मी शेजारी उभी. स्टूल एकच होतं.

मग काका समोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले.

पहिला थांबला तो कुल्फी खाणारा एक पोरगा. "क्या हो गया, भिया?"

"कुछ नहीं. साहब विश्राम कर रहे हैं."

"सराफे में?"

"हओ."

पोरगा ह्यांच्याकडे बघत उभाच राहिला. एक माणूस उभा राहून बघतोय म्हटल्यावर इंदुरात आणखी चार उभे राहतात. कुणी म्हणालं चक्कर आली असेल, कुणी पाणी पुढे केलं. एका बाईने पर्समधून काढून चुना लावलेला विड्याचा तुकडा हुंगवायला दिला, तो कशावरचा उपाय ते तिलाच ठाऊक. काका घसा फोडून सांगत होते, "कोई साहब को परेशान मत करो, आगे बढ़ो, साहब आराम पर हैं!" तोवर मागच्यांना पुढचं दिसेनासं झालं होतं. मागून एकाने विचारलं, "बाबाजी हाथ देखते हैं क्या?"

काका चिडले. "देखते नहीं, प्रार्थना करते हैं."

"हमारे लिए भी करवा दो. लड़के की नौकरी का मामला है."

"आज नहीं. आज विश्राम है. कल सुबह सात बजे घर आओ." आणि त्यांनी त्याला आमचा पत्ता सांगितला. खुणेच्या पाण्याच्या टाकीसकट.

मला वाटलं माझ्या कानांचा काही तरी घोटाळा आहे. तेवढ्यात मंडळीतलंच एक कुटुंब दिसलं. "अरे पास्टर साहब! जय मसीह की!" त्यांना सुनेच्या माहेरचं काही बोलायचं होतं. काकांनी त्यांनाही शिस्तीत अडवलं आणि शिस्तीत सातचीच वेळ दिली. मग पाण्यावालीला दिली. चुन्यावालीने मागितली नव्हती, तिलाही दिली. काका विश्रांतीचं असं काही रक्षण करत होते, की आठवड्याभरात जेवढी माणसं आली नसती तेवढी त्यांनी पाऊण तासात एका सकाळी बोलावून ठेवली.

"काका," मी म्हटलं, "सात वाजता कशाला?"

"मग काय सहा?"

मार्कच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. येशूभोवती एवढी ये-जा, की शिष्यांना जेवायला फुरसत नाही. तो म्हणतो, चला, एकांतात जाऊ, जरा विसावा घ्या. नावेत बसून निघतात. लोक त्यांना जाताना बघतात, काठाकाठाने धावत सुटतात आणि त्यांच्या आधी तिथे पोहोचतात. ह्या उताऱ्यावर ह्यांचा सुंदर उपदेश आहे. पण निदान त्या लोकांना एकांताचा पत्ता शिष्यांनी दिलेला नव्हता.

आणि खरा राग मला काकांचा आलाही नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. स्टुलावर बसलेला, रात्री-रात्री जागलेला माझा नवरा त्या नोकरीवाल्याला हाताने जवळ बोलावत होता. "बोलो भैया, लड़का क्या पढ़ा है?" डोळे लकाकत होते. हे डोळे मला ओळखीचे आहेत. लोकांना आपण हवे आहोत हे कळलं की ह्यांची झोप उडते, आणि घरात फक्त मलाच हवे असले की परत येते.

मिरवणुकीत मागे राहिलेल्या बायकोची गोष्ट जुनीच आहे. बायबलातल्या निर्गमच्या अठराव्या अध्यायात इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याला भेटायला त्याचा सासरा इथ्रो रानात येतो. येताना मोशेची बायको सिप्पोरा आणि दोन मुलं घेऊन येतो, कारण मोशेने तिला माहेरी पाठवून दिलेलं असतं. आता बघा. मोशे सामोरा जातो, सासऱ्याला नमस्कार करतो, त्याचं चुंबन घेतो, दोघे एकमेकांची खुशाली विचारतात, तंबूत जातात. आणि सिप्पोरा? बायकोला काय म्हणाला, मुलांना उचलून घेतलं की नाही, त्याबद्दल चकार शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशेपुढे तक्रारवाल्यांची रांग. इथ्रो ते बघून म्हणतो, अरे, अशाने तू झिजून जाशील, लोकही झिजतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. व्यवस्थापनाच्या शिबिरात हा अध्याय हमखास निघतो. हे स्वतः दोनदा शिकवून आलेत, मुक्कामी. एवढ्या हुशार सासऱ्याने लेकीच्या वाट्याची एक संध्याकाळ त्या यादीत घातली असती, तर मला आज वचन दाखवता आलं असतं.

त्या मानाने मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याची बायको मॉली मला जवळची वाटते. 1751 मध्ये त्यांचं लग्न झालं. तो घोड्यावरून गावोगाव उपदेश करत हिंडणारा. लग्न झालं म्हणून त्याने एक उपदेश किंवा एक प्रवास कमी करायचा नाही, हे त्याचं ठरलेलं. ती त्याची पत्रं उघडून वाचायची. तिला सगळे कजाग म्हणत आले. 1771 मध्ये ती घर सोडून गेली, आणि त्याने रोजनिशीत लिहून ठेवलं की मी तिला टाकलं नाही, घालवलं नाही आणि परत बोलावणारही नाही. पत्रं उघडणं चूकच. मी फक्त ह्यांचा फोन सायलेंटवर टाकून पिठाच्या डब्यात ठेवते.

गराडू हातात आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते. काकांनी आधी साहेबांची प्लेट भरून आणली, मग स्वतःची. माझी शेवटी आली, कारण लिंबू संपलं होतं. मी खाऊन पाहिला. गार.

परतताना हे हळूच म्हणाले, "अगं, काकी गेल्यापासून त्यांना तरी कोण आहे घरी? त्यांचीही संध्याकाळ बरी गेली."

गेली असेल. काकींच्या शेवटच्या आजारात डबे माझ्याच घरून जात होते, मला ते सांगायला नको. पण काकांचं एकटेपण हे कमिटीचं काम आहे. त्यासाठी बाराही महिने पडलेत, पन्नास घरं पडलीत. माझी एक रात्र त्यातच का खर्ची घालायची? आणि ही दया ह्यांना नेमकी रिक्षात सुचावी, मी काही बोलायच्या आत! चांगल्या माणसाशी संसार करण्यातली ही मोठी अडचण आहे. भांडण काढलं की आपणच कोत्या ठरतो.

सकाळी सातला दारात नोकरीवाला मुलासकट हजर. मग सुनेच्या माहेरचे. चुन्यावाली बाई खरंच आली, येताना शेजारीणही घेऊन. दूध यायचं होतं. आलेल्या माणसाला पोहे दिल्याशिवाय इंदुरात पाठवत नाहीत, तेव्हा पोहे केले. शेव संपली, ती आणायला कुणाला पाठवणार? मीच गेले. हे बैठकीत सगळ्यांचं ऐकत होते, प्रार्थना करत होते, आणि चांगलं करत होते, ते नाकारत नाही. तो पोरगा जाताना रडला. पण 31 तारखेची रात्रीची उपासना अजून बाकी आहे, तिचा उपदेश लिहून झालेला नाही, आणि ह्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं आता चष्म्यात मावत नाहीत.

नऊच्या सुमाराला काका आले. ताजेतवाने, दाढी केलेली. "साहेब, कसं वाटतंय आता? बरं वाटतंय ना?" हे म्हणाले, "खूपच बरं." काकांनी समाधानाने पिशवीतून व्हाउचर काढलं. कमिटीपुढे ठेवायचं होतं. मी पोह्यांची कढई हातात घेऊनच त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पाळकसाहेब विश्रांती खाते. रिक्षा, जाऊन येऊन. गराडू, साहेब व सोबती, दोन प्लेट. आणि खाली, वेगळ्या ओळीत: इतर, एक प्लेट.

"काका, हे इतर कोण?"

"तेच बाई, मी रात्रभर विचार करत होतो," काका म्हणाले. "ठरावात तुमचं नाव नाही ना. ऑडिटला अडचण येईल. तुमच्या प्लेटचे तेवढे तुम्ही दिलेत तर हिशेब स्वच्छ राहील."

मी ह्यांना म्हटलं, ह्यावर सही करायची नाही.

ते पेनाला टोपण लावत होते.