दहा मिनिटं गप बसा की!

आत्त्या पुण्याहून बेळगावला आली. म्हणाली, "गर्दी नको बाबा, कुठंतरी शांत बसूया." म्हटलं, चल, किल्ल्यात कमल बस्ती बघूया, जुनं जैन देऊळ. चूक माझीच.

शहापुरातून निघालो आणि कपिलेश्वर उड्डाणपुलावरच अर्धा जीव गेला. त्यात शनिवार, बाजाराचा दिवस. शनिवार खुटावर टेंपो आडवा, त्याच्या मागं रिक्षा, रिक्षामागं एक बुलेटवाला हॉर्नवर अंगठा ठेवून बसलेला. रिक्षा काय उडून जाणार आहे काय रे? पाऊण तास गेला. चालत गेलो असतो तर वाटेत मिठाईवाल्याकडून कुंदा घेऊन परत आलो असतो.

बरं, पोचलो. आत गेलं की मान आपोआप वर जाते. छताला दगडाचं कमळ उलटं लोंबतंय, ७२ पाकळ्यांचं. मागचे चोवीस, आताचे चोवीस, पुढचे चोवीस तीर्थंकर, असा हिशोब. १२०४ चं काम. खांब तर असे घोटलेत की हात फिरवावासा वाटतो. आणि बरोबर त्या कमळाखाली चार पोरं ब्लूटूथ स्पीकर लावून नाचायला लागलेली. रील! एक स्टेप चुकली की परत पहिल्यापासून. अकरा वेळा तेच कडवं ऐकलं, मोजलंय मी. त्यातल्या एकानंही वर बघितलं नाही. मोबाईलमध्ये स्वतःचे केस तेवढे बघत होता. कुरकुऱ्याचं रिकामं पाकीट घडी घालून खांबाच्या बैठकीच्या खाचेत खुपसलेलं. घडी घालून हं, म्हणजे नीटनेटकेपणा आहे अंगात!

आत्त्या म्हणाली, "जरा हळू करता का रे?"

"आज्जी, देऊळ तुमच्या घरचं आहे काय?"

मी मराठीत सांगितलं. मग कन्नडमध्ये 'स्वल्प कमी माडरी' म्हणून बघितलं. चौघंही दात काढून हसले. भाषेवरून डोकी फोडायला उठणारं आमचं गाव दंगा घालताना बरं एक होतं.

मग टिळकवाडीत काँग्रेस विहिरीकडं नेलं तिला. गांधीजी अध्यक्ष झाले ते एकमेव अधिवेशन, १९२४ चं. त्यासाठी खोदलेली विहीर. तिथं एक गृहस्थ फोन स्पीकरवर टाकून जागेचा व्यवहार करत येरझाऱ्या घालत होते. विहिरीवरची पाटी वाचायची राहिली, गुंठ्याचा भाव मात्र दोघांना पाठ झाला.

अरे, बोला की, हसा की, कोण नको म्हणतंय? पण अख्ख्या गावात दंग्याला जागा कमी आहे काय, म्हणून इथंच यायचं? घरात टीव्ही, गल्लीत डीजे, रस्त्यावर हॉर्न. एक दगडी मंडप तेवढा राहिला होता.

रात्री आत्त्यानं कमळाचा फोटो उघडला. एकच काढता आला होता. चष्मा लावून, बोटांनी मोठा करून बघत बसली. पाकळ्यांच्या मधोमध कुणाची तरी सेल्फी स्टिक.